पाहुणचाराचा ताळेबंद : वाणिज्य विभागातील पर्यटन-आराखड्यांची वाटचाल

1956 च्या नोव्हेंबर महिन्याच्या पहिल्या तारखेस राज्यपुनर्रचनेचा कायदा अमलात येऊन बेळगाव जिल्हा तत्कालीन म्हैसूर राज्यात वर्ग झाला, तेव्हा त्या जिल्ह्याचा एकच तालुका मुंबई राज्यात मागे राहिला, आणि तो म्हणजे आपला चंदगड. कचेरी कोल्हापूरची झाली, बाजार मात्र बेळगावचाच राहिला. आणि पुढे पाचच वर्षांनी, 1961 च्या 19 डिसेंबरला गोवा मुक्त होऊन तेथील उद्योगांना भरती आली, तशी आपल्या तरुणांच्या रोजगाराची वाट घाट उतरून त्या दिशेस वळली. दाखल्यासाठी उत्तरेकडे, विक्रीखरेदीसाठी पूर्वेकडे आणि नोकरीसाठी नैर्ऋत्येकडे पाहणाऱ्या या तालुक्यात वाणिज्य शाखेचा विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडे तो बहुधा तालुक्याबाहेर जाण्यासाठीच. त्याने आपल्या विद्येचा उपयोग आपल्याच गावी, आपल्याच घराच्या माजघरात आणि परसात करून पाहावा, हा विचार आपल्या महाविद्यालयात कसा रुजला आणि त्याला पर्यटन-व्यवसायाच्या आराखड्यांचे रूप कसे आले, याची हकिकत या स्मरणिकेत नोंदवून ठेवणे विभागाला अगत्याचे वाटले.

आतिथ्य हा शिकण्याचा विषय आहे, ही कल्पना आपल्या देशात फार जुनी नाही. 1954 साली श्रीमती लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने मुंबईत हॉटेल व्यवस्थापन आणि पाकशास्त्र यांचे शिक्षण देणारी संस्था सुरू झाली, आणि पाहुण्याची सोय करणे ही केवळ घरच्या संस्काराची बाब नसून तिला शास्त्र आहे, हिशेब आहे, शिस्त आहे, हे प्रथमच पदविकेच्या स्वरूपात मान्य झाले. 1962 मध्ये कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ स्थापन झाल्याने दक्षिण महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांना उच्च शिक्षणाचे दार उघडले. 1975 च्या जानेवारीत महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्थापना होऊन राज्यशासनानेही या व्यवसायाची रीतसर दखल घेतली. तथापि, या तिन्ही घटनांचा आपल्या तालुक्यातील वर्गखोलीशी प्रत्यक्ष संबंध जडण्यास बराच काळ जावा लागला. आमच्याकडे वाणिज्य म्हणजे किर्द, खतावणी, तेरीज आणि ताळेबंद. आणि ताळेबंदातील उदाहरणे म्हणजे मुंबईच्या कुठल्यातरी कापड व्यापाऱ्याची. विद्यार्थी तो ताळेबंद बिनचूक जुळवीत, परंतु आपल्या वडिलांच्या काजूच्या बागेचा हिशेब त्यांना मांडता येत नसे. कारण तो मांडावयाचा असतो हेच त्यांना कोणी सांगितलेले नसे.

हा पडदा दूर झाला तो एका न्यायालयीन निर्णयामुळे. सर्वोच्च न्यायालयाच्या 1991 च्या आणि पुढे 2003 च्या आदेशांनुसार पदवीच्या सर्व शाखांना पर्यावरणशास्त्र हा विषय अनिवार्य झाला, आणि त्यासोबत प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या परिसराचा अभ्यास करून एक प्रकल्प लिहावा, अशी प्रथा महाविद्यालयांतून पडली. वाणिज्य विभागाच्या वाट्याला आलेले हे प्रकल्प प्रथम अगदी ठरावीक साच्याचे असत. कोणी ताम्रपर्णीच्या उगमाविषयी लिही, कोणी घटप्रभेच्या पाण्याविषयी, कोणी पारगडाविषयी. बाजारातील निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत सुवाच्य अक्षरात दहा-पंधरा पाने, मध्ये दोन छायाचित्रे, आणि शेवटी ‘येथे पर्यटनास भरपूर वाव आहे’ हे वाक्य. हे शेवटचे वाक्य इतक्या वह्यांतून इतक्या वेळा आले की, अखेर विभागातील अध्यापकांनी त्यावरच बोट ठेवले. वाव आहे म्हणजे कोणाला आहे? पाहुणा येणार तर तो कोठून, कोणत्या महिन्यात, किती जणांसह येणार? तो निजणार कोठे, जेवणार काय, त्याचे अंथरूण धुणार कोण, आणि महिनाअखेर यजमानाच्या हाती काय उरणार? या प्रश्नांची उत्तरे ज्यात नाहीत ती वही परत करावयाची, असे ठरले. आणि प्रकल्पाचे आराखड्यात रूपांतर होण्यास येथून प्रारंभ झाला.

उत्तरे देण्यासाठी लागणारी माहिती विभागाच्या ग्रंथालयात नव्हती. ती होती आपल्याच माजी विद्यार्थ्यांपाशी. गोव्याच्या किनाऱ्यावरील हॉटेलांत स्वागतकक्षापासून धुलाईखान्यापर्यंत कामे करणारी आपल्या तालुक्याची मुले गणेशचतुर्थीला आणि शिमग्याला गावी येत. त्यांना एखाद्या दुपारी महाविद्यालयात बोलवावे आणि त्यांनी विद्यार्थ्यांशी बोलावे, अशी तजवीज करण्यात आली. ही बोलणी व्याख्यानासारखी नसत, आणि म्हणूनच ती फलदायी झाली. त्यांतील चादरींची गोष्ट विभागात आजही सांगितली जाते. आराखडा लिहिणारा प्रत्येक विद्यार्थी चार खाटांना चार चादरी धरी. धुलाईखान्यात काम केलेल्या एका माजी विद्यार्थ्याने सांगितले की, खाटेमागे तीन जोड धरावेच लागतात : एक अंथरलेला, एक धुण्यात, एक कपाटात. ही झाली गोव्याच्या मोठ्या हॉटेलातली गोष्ट, जिथे वाळवण्याचे यंत्र असते. आपल्याकडे आषाढ-श्रावणात आठ-आठ दिवस ऊन पडत नाही, दांडीवरचे धोतर चौथ्या दिवशीही दमट लागते. तेव्हा चंदगडात तीन जोडांवर भागणार नाही, पाच लागतील, आणि शिवाय चुलीच्या वर माळ्याशी वाळत घालण्याची सोय लागेल. धुराचा वास लागलेली चादर पाहुण्याला चालेल काय, हा पुढचा प्रश्न. वर्गातल्या पुस्तकी ‘कार्यशील भांडवल’ या संज्ञेचा अर्थ त्या दिवशी जितका स्पष्ट झाला तितका एरवी महिनाभराच्या अध्यापनानेही होत नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

याच सुमारास उत्पन्नाच्या अंदाजांचीही झाडाझडती सुरू झाली, आणि तिची रीत येथे तपशिलाने देणे योग्य होईल, कारण पुढील सर्व आराखड्यांचा पाया तीच झाली. गृहनिवासाचा नमुनेदार आराखडा असा असे : दोन खोल्या, वर्षाचे 365 दिवस, म्हणजे 730 खोली-रात्री; त्यांपैकी निम्म्या भरल्या तरी 365; रात्रीस 1,000 रुपये धरल्यास उत्पन्न 3,65,000. कागदावर हे आकडे फार साजरे दिसत. अध्यापक मग एकेक चाळण लावीत. आपल्याकडे मुक्कामास येणारा माणूस बहुतांशी बेळगाव वा कोल्हापूरकडचा. तो शनिवारी सायंकाळी येतो आणि रविवारी परततो. म्हणजे 365 दिवस नव्हेत, 52 शनिवार. जून ते सप्टेंबर या काळात धबधबे पाहण्यास गर्दी लोटते खरी, परंतु ती भिजून, खाऊन त्याच दिवशी माघारी जाणारी; मुक्कामाच्या हिशेबातून ते सतराएक शनिवार वजा. उरले 35. दोन खोल्यांच्या 70 खोली-रात्री, त्यांपैकी निम्म्या भरल्या तर 35, आणि उत्पन्न 35,000 रुपये. खोल्या बांधण्यास तीन लाखांचे कर्ज दहा टक्के दराने काढलेले असेल तर पहिल्या वर्षाचे व्याजच 30,000. राहिलेल्या पाच हजारांत चादरी, साबण, वीज आणि यजमानाचे वर्षभराचे कष्ट.

ही वजाबाकी फळ्यावर मांडली जाई तेव्हा वर्गावर उदासी पसरे, आणि काही सहकाऱ्यांचे असे मत होते की, उमेद खच्ची करणारे हे गणित कोवळ्या मुलांपुढे मांडू नये. हे मत विभागाने मानले नाही, आणि माझ्या मते ते न मानणे हीच या उपक्रमाची खरी पायाभरणी होय. कारण गणित फळ्यावर मांडले नाही तर ते पुढे सावकाराच्या किंवा बँकेच्या दारात मांडले जाते, आणि तेव्हा गहाण पडलेली जमीन सोडवून घेण्यास कोणी अध्यापक येत नाही. शिवाय त्याच वजाबाकीतून विद्यार्थ्यांनी नव्या वाटा काढल्या. नव्या खोल्या बांधण्याऐवजी मुंबईस गेलेल्या भावाची बंद पडलेली खोली दुरुस्त करावी. मुक्कामी पाहुण्यावर भिस्त न ठेवता पावसाळ्यात दिवसा येणाऱ्यांना गरम जेवण द्यावे. शनिवारचा पाहुणा शुक्रवारी कसा येईल याचा विचार करावा. कर्ज तीन लाखांऐवजी पन्नास हजारांचे, म्हणजे 2015 साली आलेल्या मुद्रा योजनेतील ‘शिशु’ गटात बसणारे घ्यावे. आराखडे लहान होत गेले आणि लहान होता होता खरे होत गेले.

जेवण देण्याचा विचार पुढे आला तसा एक निराळाच पेच उभा राहिला, आणि तो अंकगणिताचा नव्हता. आपल्या तालुक्यात दारी आलेल्या माणसाला गूळपाणी न देता परत पाठवणे हा कमीपणा समजतात. देवरवाडीच्या वैजनाथाला महाशिवरात्रीस येणारा यात्रेकरू असो वा गावच्या जत्रेला आलेला कोणाचाही सोयरा असो, पंगतीत तो बसलाच पाहिजे. अशा घरातल्या मुलामुलींनी ‘जेवणाचा दर प्रतिमाणशी अमुक रुपये’ असे लिहावे कसे? पाहुण्याकडून पैसे घ्यायचे ही कल्पनाच कित्येकांना, आणि त्यांच्या आयांना तर विशेषेकरून, लाजिरवाणी वाटे. कित्येक आराखड्यांत जेवणाचा रकाना कोराच येई, आणि विचारल्यावर विद्यार्थी मान खाली घालून सांगे की, आई म्हणते जेवणाचे पैसे लावू नको.

या संकोचाची टिंगल कधीही झाली नाही, कारण त्यात आपल्या लोकांचा एक मोठा गुण होता. त्याचे उत्तर शोधताना विभागाने मुंबईच्या गिरणगावाकडे बोट दाखवले. आपल्या भागातून गिरण्यांत गेलेल्या कामगारांना वर्षानुवर्षे जेवू घातले ते खानावळी चालवणाऱ्या बायांनी. त्या बाया महिन्याचा हिशेब ठेवीत, पगाराच्या दिवशी पैसे घेत, आणि तरीही आजारी पडलेल्या गड्याला पेज करून देत. हिशेबाने मायेला बाधा आली नव्हती. बाधा आली होती ती सावकाराच्या व्याजाने. आणि मूळच्या गोव्याच्या प्रेमाताई पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून याच खानावळवाल्या स्त्रियांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, तेव्हा त्यांच्या चुलीला प्रथमच उद्योगाची प्रतिष्ठा लाभली. ज्यांच्या आजोबांनी अशा खानावळीत जेवून पैसे गावी पाठवले होते, त्या विद्यार्थ्यांना हा दाखला पटण्यास वेळ लागला नाही. जेवणाचा रकाना भरू लागला.

परंतु तो भरू लागताच त्याच्या शेजारच्या रकान्यातील शून्य डोळ्यांत खुपू लागले. मजुरीच्या खात्यात विद्यार्थी ‘घरची माणसे’ असे लिहीत आणि पुढे रक्कम शून्य मांडीत. घरची माणसे म्हणजे कोण? पहाटे उठून नाचणीच्या भाकऱ्या थापणारी आई, पाणी भरणारी वहिनी, भांडी घासणारी बहीण. एका गडावरच्या वस्तीत विद्यार्थी आपला आराखडा वाचून दाखवण्यास गेले असता तेथील एका वृद्धेने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले की, दहा पाहुण्यांच्या आंघोळीचे पाणी भरायचे कोणी. मुलांपाशी उत्तर नव्हते. त्यांनी तिथेच बसून हिशेब केला : माणशी दोन बादल्या, दहा माणसांच्या वीस, शिवाय पिण्याचे आणि भांड्यांचे वेगळे. परत आल्यावर विभागाच्या बैठकीत ठराव झाला की, यापुढे प्रत्येक आराखड्यात घरच्या प्रत्येक माणसाच्या श्रमाचे तास आणि त्या तासांची गावच्या चालू मजुरीच्या दराने होणारी रक्कम लिहिली पाहिजे. ती लिहिल्यावर व्यवसाय तोट्यात दिसत असेल तर तो तोट्यातच आहे असे समजावे. या नियमापुढे अनेक आराखडे टिकले नाहीत. जे टिकले त्यांच्यात एक गुण हटकून दिसतो : त्यांच्या लेखकांनी आधी पाण्याची टाकी मांडली आहे आणि मग खोलीचा रंग. माझ्या दृष्टीने आपल्या विभागाने वाणिज्यशिक्षणाला दिलेली एखादी गोष्ट सांगावयाची झाल्यास ती हीच. विद्यार्थिनींची संख्या वाढली तशी या रकान्याची छाननी अधिक कसोशीची झाली, हेही सांगितले पाहिजे. कारण त्या शून्यामागे कोण उभे आहे हे त्यांना कोणी शिकवावे लागत नव्हते.

आता प्रत्यक्ष आराखड्यांविषयी. स्वाभाविकपणेच सर्वाधिक आराखडे पारगडावर झाले. 1676 च्या सुमारास शिवछत्रपतींनी गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेवर नजर ठेवण्यासाठी हा गड वसवला, तानाजी मालुसऱ्यांचे पुत्र रायबा यांना त्याची किल्लेदारी दिली, आणि त्या घराण्याचे वंशज इतर मावळी घराण्यांसह आजही गडावर नांदत आहेत. महाराष्ट्रातील बहुतेक गड ओस पडले असता हा गड जागता राहिला, ही केवढी दुर्मीळ गोष्ट! प्रारंभीच्या आराखड्यांतून तिथे तंबूंची वसाहत, उपाहारगृह, रज्जुमार्ग अशा कल्पना येत. त्या अव्यवहार्य होत्या एवढेच नव्हे, तर गडावर राहणाऱ्यांना त्यांत स्थान नव्हते. आराखड्यात त्यांचा उल्लेख येई तो ‘स्थानिक कामगार’ म्हणून. गडकऱ्यांशी विद्यार्थ्यांची बोलणी सुरू झाल्यावर हे चित्र पालटले. पाहुण्याने गडावरच्या घरातच उतरावे, त्याला गडाची हकिकत गडावरच्याच माणसाने सांगावी, आणि त्या सांगण्याचा मोबदला जेवणापासून वेगळा धरावा, अशी मांडणी होऊ लागली. महिपालगड आणि गंधर्वगड याही गडांवर वस्ती आहे, आणि तिथल्या आराखड्यांना हाच नमुना पुढे उपयोगी पडला. कलानिधीगडावर वस्ती नसल्याने त्याला मात्र तो लागू पडेना, म्हणून तिथे पायथ्याच्या गावात जेवण आणि गडावर केवळ वाटाड्या, अशी वेगळी मांडणी झाली.

काजूवरील आराखडे मला व्यक्तिशः सर्वांत अधिक आवडतात. आपल्या तालुक्यात काजूप्रक्रियेचे कारखाने गावोगावी झाले आहेत, परंतु बाहेरच्या माणसाने काजू पाहिलेला असतो तो बशीत. एका गटाने असा आराखडा मांडला की, मार्च ते मे या हंगामात पाहुण्याला सकाळी बागेत नेऊन बोंडे वेचू द्यावीत, मग कारखान्यात बी वाफवण्यापासून फोडण्यापर्यंत, बोरम्यात, म्हणजे वाळवणीच्या भट्टीत, सुकवण्यापासून साल काढून प्रतवारी करण्यापर्यंत सर्व दाखवावे, आणि दुपारी ओल्या काजूगरांची उसळ वाढावी. डब्ल्यू 180, 240, 320 हे प्रतवारीचे आकडे म्हणजे एका पौंडात साधारण किती गर बसतात त्याची संख्या, म्हणून आकडा जितका लहान तितका गर मोठा आणि महाग, हे पाहुण्याला हातात तराजू देऊन दाखवावे, अशी त्यात सूचना होती. या आराखड्याचे सामर्थ्य असे की, त्याला नव्या बांधकामाचा छदामही लागत नाही. आणि त्याचा दोष असा की, टरफलातील तेलाने फोडणाऱ्या स्त्रियांचे हात भाजतात, हे पाहुण्यासमोर लपवायचे की सांगायचे, याविषयी तो मुग्ध होता. तपासनीसाने समासात शेरा मारला : ‘हातमोज्यांचा खर्च धरा, आणि मग सांगा.’ दुसऱ्या खर्ड्यात हातमोजे आले.

कोवाडच्या आराखड्याला निराळा इतिहास आहे. ‘स्वामी’ या 1962 साली प्रसिद्ध झालेल्या आणि साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभलेल्या कादंबरीचे लेखक रणजित देसाई यांचे हे गाव. 2017 च्या मे महिन्यात सातारा जिल्ह्यातील भिलार हे ‘पुस्तकांचे गाव’ म्हणून जाहीर झाले, घराघरांतून वाचनालये उघडली, आणि आपल्या विद्यार्थ्यांच्या मनात साहजिकच आले की, हे कोवाडात का होऊ नये? वाचकांना निवास, नदीकाठी बैठक, गावच्याच घरात जेवण असा सुंदर बेत लिहून झाला. परंतु 2019 च्या ऑगस्टमध्ये ताम्रपर्णीला महापूर येऊन कोवाडची बाजारपेठ पाण्याखाली गेली, 2021 च्या जुलैत तीच आपत्ती पुन्हा ओढवली, आणि नदीकाठी पुस्तके मांडण्याचा विचार मुलांना आपल्याच हाताने खोडावा लागला. त्यांनी तो समूळ टाकला नाही. सुधारित आराखड्यात पुस्तके वरच्या मजल्यावर गेली, विम्याचा हप्ता खर्चात आला, आणि जुलै-ऑगस्ट हे दोन महिने निवास बंद, असा स्पष्ट उल्लेख झाला. पुराची रेषा आराखड्याच्या नकाशावर काढण्याची पद्धत तेव्हापासून सर्वच नदीकाठच्या गावांसाठी पडली.

तिलारीनगर परिसराविषयी थोडक्यात सांगतो. जलविद्युत प्रकल्पाच्या निमित्ताने वसलेली ही वसाहत, घाटमाथा, दरीचे दर्शन आणि गोव्याकडे उतरणारा रस्ता यांमुळे तिथे व्यवसायाची शक्यता सर्वांत अधिक, आणि म्हणून मोहही सर्वांत अधिक. गेल्या सुमारे दोन दशकांत कर्नाटकाकडून आलेल्या हत्तींचा वावर या पट्ट्यात सुरू झाला, आणि 2020 च्या डिसेंबरात राज्य वन्यजीव मंडळाने चंदगडच्या सुमारे 225 चौरस किलोमीटर वनक्षेत्राला संवर्धन राखीव म्हणून मंजुरी दिली. ‘हत्तीदर्शन’ हा शब्द असलेला आराखडा विभाग स्वीकारत नाही. ज्या शेतकऱ्याचे ऊस-भाताचे उभे पीक रात्रीत तुडवले जाते, त्याच्या बांधावर दुसऱ्याने तिकीट लावून तमाशा करावा, हे आम्हास मान्य नाही. शिवाय ते धोक्याचेही आहे.

कागदपत्रांच्या बाबतीत विद्यार्थ्यांना जे शिकावे लागले ते पाठ्यपुस्तकात नव्हते. सातबाराचा उतारा, ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला, अन्नसुरक्षेची नोंदणी, वनहद्दीलगत असल्यास वनखात्याची परवानगी, बांधकाम असल्यास बिनशेतीचा प्रश्न, असा हा प्रवास. 2020 साली राज्याचे कृषी पर्यटन धोरण आले आणि शेतकऱ्याला आपले केंद्र पर्यटन संचालनालयाकडे रीतसर नोंदवण्याची सोय झाली. 2023 च्या ‘आई’ धोरणाने स्त्रियांच्या पर्यटन-व्यवसायासाठी 15 लाखांपर्यंतच्या कर्जावरील व्याजाच्या परताव्याची तरतूद केली. त्यानंतर आमच्या आराखड्यांच्या मुखपृष्ठावर अर्जदार म्हणून विद्यार्थिनीच्या आईचे नाव येऊ लागले. हा बदल कोणाच्या सूचनेने झाला नाही. जिच्या श्रमाचे तास आतल्या पानांत लिहिले होते, तिचे नाव बाहेर येणे मुलींना उचित वाटले.

बहुसंख्य आराखडे कागदावरच राहिले, हे या इतिहासात नमूद करणे कर्तव्य आहे. भांडवलाचा अभाव, भावाभावांतील वाटण्या, रस्त्यांची दुरवस्था आणि पदवी हाती पडताच येणारे पुण्या-मुंबईचे बोलावणे, ही त्याची कारणे सर्वश्रुत आहेत. तरीही जे विद्यार्थी बाहेर गेले त्यांपैकी काहींनी आपापल्या वह्यांच्या प्रती पुन्हा मागवून घेतल्या, आणि गावी राहिलेल्यांपैकी काहींनी खोली नव्हे तर निदान रविवारची पंगत सुरू केली, याची विभागाला जाणीव आणि समाधान आहे. परंतु मूल्यमापन त्यावर होऊ नये. ज्या तालुक्यातील तरुणाने दुसऱ्याच्या हॉटेलातील चादरी मोजल्या, त्याने आपल्या घरच्या चादरींचा, पाण्याचा आणि आईच्या वेळेचा हिशेब एकदा तरी निर्भीडपणे मांडावा, एवढ्याचसाठी हा उपक्रम चालला आहे, आणि नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील कार्यानुभवाच्या श्रेयांकांमुळे तो आता अभ्यासक्रमाचे अंग होऊ पाहत आहे, याचा आनंद आहे.

सर्व आराखड्यांची बांधणी करून ते विभागाच्या दप्तरखान्यात गावनिहाय लावण्यात आले आहेत. यापुढे प्रत्येक आराखड्याची एक प्रत ज्या गावाविषयी तो असेल त्या गावच्या ग्रामपंचायतीस विनामूल्य द्यावी, तो तालुक्यातील कोणाही रहिवाशास कार्यालयीन वेळेत वाचनास मिळावा, आणि त्याच्या आधारे प्रत्यक्ष व्यवसाय सुरू करणाऱ्याने दोन वर्षांनी आपल्या खऱ्या जमाखर्चाची नक्कल विभागाकडे ठेवावी, म्हणजे पुढच्या तुकडीला अंदाजाशेजारी अनुभवही वाचता येईल, असा ठराव विभागाने यंदाच्या सभेत संमत केला आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी ज्यांच्यापाशी जुन्या वह्या असतील त्यांनी त्या, किंवा त्यांच्या छायाप्रती, विभागप्रमुखांकडे पोचत्या कराव्यात. चहाचे डाग पडलेल्या, पाने सुटलेल्या वह्याही चालतील, फक्त हिशेबाची पाने शाबूत असावीत.